व्होल्टा आणि उतरलेली बॅटरी

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात गाडी घेणारे वाढले, पण ती रोज चालवणारे त्या मानाने थोडे. नोकरी मुंबईत, प्रवास लोकलचा, त्यामुळे गाडी आठवडाभर सोसायटीच्या आवारात उभी. रविवारी घरच्यांना घेऊन अर्नाळ्याला किंवा वज्रेश्वरीला निघायचे म्हणून किल्ली फिरवावी, तर बॉनेटखालून नुसती टकटक ऐकू येते. शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून ती चालू होते, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. कंटाळून नवी बॅटरी घेतली जाते आणि महिन्याभरात तीही उतरते. मग गॅरेजवाला सांगतो की दोष बॅटरीत नाही, गाडीच उभ्या उभ्या करंट खाते आहे.

डॉक्टरांना हा प्रकार ओळखीचा वाटावा. रुग्णाचे हिमोग्लोबिन सारखे उतरते, रक्त चढवले की वर येते आणि पुन्हा उतरते. अशा वेळी रक्ताच्या पिशव्या चढवत राहणे हा उपचार होत नाही. आतड्यात कुठेतरी थेंब थेंब गळती चालू असते, ती शोधावी लागते. रोज केबल लावून गाडी चालू करणे म्हणजे गळती न शोधता रक्त चढवण्यासारखेच आहे.

गॅरेजवाला मल्टिमीटर लावतो तेव्हा पडद्यावर व्होल्टमध्ये आकडा येतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत तो १२.६ असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी आणि ११.८ किंवा त्याखाली असेल तर जवळजवळ रिकामी. यातला व्होल्ट हे एका माणसाचे आडनाव आहे. आलेस्सांद्रो व्होल्टा याने जगातली पहिली बॅटरी बनवली. ती हाती येण्याआधी सात-आठ वर्षे त्याने जे काम केले ते चांगल्या वायरमनच्या कामासारखेच होते. एकेक भाग बाजूला काढायचा आणि वीज नेमकी कुठे आहे ते पाहायचे. इतके करूनही आपली बॅटरी उतरते का, हे मात्र त्याला शेवटपर्यंत पटले नाही.

चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तो १७३९ च्या मे महिन्यात. त्यानंतर सहा वर्षांनी, १८ फेब्रुवारी १७४५ रोजी, उत्तर इटलीत सरोवराकाठी वसलेल्या कोमो गावात व्होल्टाचा जन्म झाला. घराणे खानदानी होते, पण पैसा आटत चाललेला. नातलगांपैकी बरेच जण धर्मसेवेत गेलेले होते. हे मूल चार वर्षांचे होईपर्यंत नीट बोलतच नव्हते आणि घरच्यांनी त्याची आशा जवळपास सोडली होती. सातव्या वर्षी ते इतर मुलांच्या बरोबरीला आले आणि पुढे निघूनही गेले. उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना अशा गोष्टी धीर देण्यासाठी सांगितल्या जातात, पण त्यावर विसंबू नये. दीड वर्षाचे होऊनही मुलाला एकही शब्द येत नसेल तर आधी त्याचे कान तपासून घ्यावेत.

व्होल्टा सात वर्षांचा असताना वडील वारले. नातलगांच्या आधाराने शिक्षण झाले. त्याने वकील व्हावे असे घरच्यांना वाटत होते, त्याचे मन मात्र विजेत गुंतले होते. त्या काळी वीज म्हणजे काच किंवा राळ घासून मिळणारी ठिणगी. ठिणगी पडली की वीज संपली. १७७५ मध्ये त्याने राळेची एक तबकडी आणि तिच्यावर ठेवायची धातूची झाकणी असे साधन पुढे आणले. तबकडी एकदा घासली की झाकणीवर पुन्हा पुन्हा विद्युतभार घेता येई. त्याच सुमारास तो कोमोच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागला होता.

१७७६ च्या शरदात माज्जोरे सरोवराच्या काठावरच्या दलदलीत काठीने चिखल ढवळून त्याने वर येणारे बुडबुडे बाटलीत गोळा केले. तो वायू पेटत होता. आज आपण त्याला मिथेन म्हणतो. त्याने तो हवेत मिसळून बंद नळीत भरला आणि आत विजेची ठिणगी पाडली, तेव्हा स्फोटाने नळीचे बूच उडाले. बंद जागेत हवा आणि ज्वलनशील वायू, त्यात विजेची ठिणगी आणि स्फोटाच्या जोराने ढकलला जाणारा एक भाग, एवढे वर्णन पेट्रोल इंजिनालाही लागू पडते. व्होल्टाने त्यातून इंजिन काढले नाही. पण गाडीतल्या स्पार्क प्लगची आणि बॅटरीची, दोन्हींची सुरुवात शोधत मागे गेले की माणूस एकच भेटतो.

१७७८ मध्ये त्याला पाव्हियाच्या विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. पुढची चार दशके त्याचे नाव त्या विद्यापीठाशी जोडलेले राहिले. इथे त्याने जे उपकरण सुधारले त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, पण पुढची सगळी कथा त्याच्यावर उभी आहे. विद्युतभार आहे की नाही हे दाखवणाऱ्या साधनाला त्याने दोन तबकड्यांची जोड दिली. तबकड्या जवळ ठेवून त्यांवर अगदी सूक्ष्म भार साठू द्यायचा, मग त्या एकमेकींपासून दूर करायच्या. तसे केले की साठलेल्या भाराचा ताण वाढतो आणि एरवी दिसलाच नसता तो भार काडी हलवून दाखवतो. १७८२ मध्ये त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. जे फार थोडे आहे ते मोजता आले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता आणि पुढे तोच कामाला आला.

गोष्टीत आता एक डॉक्टर येतो. बोलोन्याचा लुईजी गॅल्व्हानी हा व्होल्टापेक्षा साडेसात वर्षांनी मोठा होता. शरीररचना आणि प्रसूतिशास्त्र हे त्याचे विषय, आणि पत्नी लुचिया प्रयोगांत त्याची सोबतीण होती. मेलेल्या बेडकाच्या पायाला लागून असलेल्या मज्जातंतूला धातू लावला की पाय झटका देतो, हे तो १७८० च्या दशकात वर्षानुवर्षे तपासत होता. पितळेचा आकडा बेडकाच्या कण्यात अडकवून तो लोखंडी कठड्याला टेकवला, तेव्हा आकाशात वीज नसतानाही पाय उडाले. प्राण्याच्या शरीरातच वीज असते आणि धातू तिला फक्त वाट करून देतो, असा निष्कर्ष काढून त्याने १७९१ मध्ये तो प्रसिद्ध केला. युरोपभर बेडकांवर संक्रांत आली. जो तो हा प्रयोग करून पाहू लागला.

व्होल्टाने १७९२ च्या वसंतात तो प्रबंध वाचला, प्रयोग स्वतः करून पाहिले आणि सुरुवातीला गॅल्व्हानीची बाजू उचलून धरली. काही आठवड्यांतच त्याला एक गोष्ट खटकू लागली. दोन वेगळे धातू असले की झटका जोराचा आणि एकच धातू असला की तो कमजोर किंवा मुळीच नाही, असे का व्हावे? वीज जर बेडकात असेल तर बाहेरच्या तारेचा धातू कोणता याने काय फरक पडतो?

इथून त्याने जो मार्ग धरला तो गाडीची गळती शोधण्याच्या मार्गासारखाच आहे. तेव्हा आधी गाडीचेच पाहू. गाडी बंद केली, दिवे, रेडिओ, पंखा सगळे बंद केले तरी घड्याळ, कुलूपयंत्रणा आणि संगणकाच्या स्मृतीसाठी थोडा करंट जातच असतो. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत तो गेला तर चालते. तेवढ्याने ३५ अँपिअर-तासांची लहान गाडीची बॅटरी निम्मी व्हायला दोन आठवडे लागतात. पण डिकीतला पाच वॅटचा एक दिवा झाकण बंद केल्यावरही जळत राहिला, तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास जातात आणि तीच बॅटरी तीन-चार दिवसांत झोपते. डिकीच्या आत जळणारा दिवा बाहेरून कोणाला दिसणार?

म्हणून मोजावे लागते. गाडी बंद करून, दारे लावून, किल्ली लांब ठेवून अर्धा तास थांबायचे, कारण आजच्या गाड्यांतले संगणक लगेच झोपत नाहीत. मग बॅटरीच्या ऋण टोकावरची केबल सोडवून, ते टोक आणि केबल यांच्यामध्ये मीटर बसवायचा, १० अँपिअरच्या कक्षेत. मीटर असा लावलेला असताना किल्ली फिरवायची नाही. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो आणि मीटर जळतो. आकडा ४०० मिलिअँपिअर दिसला, की एकेक फ्यूज काढून आकडा पडतो का ते पाहत जायचे. ज्या फ्यूजला तो खाली येतो त्या शाखेवर चोर आहे. बहुतेक वेळा तो मूळ गाडीतला नसतोच. मागाहून बसवलेली म्युझिक सिस्टीम, कॅमेरा, जीपीएस किंवा चोरीचा अलार्म यांची वायर घाईत चुकीच्या जागी जोडलेली असते. सगळे फ्यूज काढूनही आकडा पडला नाही तर ऑल्टरनेटरच्या जाड तारेकडे वळावे, कारण त्यातला एखादा डायोड बिघडला की करंट उलटा गळतो आणि ती वाट बहुतेक गाड्यांत या लहान फ्यूजांच्या पेटीतून जात नाही. इथेच पुष्कळ जण फसतात.

व्होल्टापुढे फ्यूजांची पेटी नव्हती, बेडूक होता. मज्जातंतू, स्नायू, पहिला धातू, दुसरा धातू, ओलावा. यातले काय काढले की झटका थांबतो? त्याने आधी स्नायू वगळला. दोन्ही धातू एकाच मज्जातंतूवर जवळजवळ लावले, स्नायूला स्पर्श होऊ दिला नाही, तरी पाय उडाला. मग बेडूकच वगळून स्वतःचे शरीर वापरले. जिभेच्या टोकाला कथलाचा पत्रा आणि मागे चांदीचे नाणे ठेवून दोन्ही एकमेकांना टेकवले तेव्हा टोकाला आंबट चव आली आणि धातू टेकलेले असेपर्यंत ती राहिली. घासून मिळणारी ठिणगी क्षणात संपते, ही वीज मात्र वाहतच होती. शेवटी त्याने सजीव शरीर पूर्णपणे काढून टाकले. जस्त आणि चांदी एकमेकांना टेकवून वेगळी केली आणि आपल्या त्या सूक्ष्म भार दाखवणाऱ्या साधनाला लावली. काडी हलली.

गॅल्व्हानीही स्वस्थ बसला नव्हता. १७९४ मध्ये धातूच न वापरता, एका बेडकाचा मज्जातंतू थेट स्नायूला लावून पाय उडतो हे दाखवणारा निनावी प्रबंध निघाला. तो त्याच्याच गोटातून आला होता. तीन वर्षांनी त्याने एका बेडकाच्या मज्जातंतूने दुसऱ्याचा मज्जातंतू उत्तेजित करून दाखवला. हा प्रयोग निर्णायक मानायला हवा होता. व्होल्टाने मात्र दोन वेगळे ओले पदार्थ भेटले तरी वीज निर्माण होते, असे म्हणून तो बाजूला सारला. वैज्ञानिक वादात प्रतिस्पर्ध्याचा सर्वात चांगला पुरावाच सर्वात कमी लक्ष देऊन वाचला जातो, याचे हे जुने उदाहरण आहे.

याच वर्षांत नेपोलियनच्या फौजा उत्तर इटलीत आल्या होत्या. नव्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घ्यायला गॅल्व्हानीने १७९८ मध्ये नकार दिला, त्यात त्याची नोकरी गेली. पत्नी आधीच वारली होती. ४ डिसेंबर १७९८ रोजी भावाच्या घरी त्याचा अंत झाला. व्होल्टा वाऱ्याची दिशा पाहून वागणारा होता. नेपोलियनच्या स्वागताला कोमोहून जे शिष्टमंडळ गेले त्यात तो होता. पण त्यालाही फटका बसलाच. १७९९ मध्ये ऑस्ट्रियन सैन्य परत आले, पाव्हियाचे विद्यापीठ बंद झाले आणि पंचावन्नाकडे झुकलेला हा प्राध्यापक नोकरीविना कोमोत घरी बसला.

त्या सक्तीच्या सुट्टीत बॅटरी जन्माला आली. जस्त आणि चांदीच्या एका जोडीची वीज फार थोडी होती, आणि नुसते धातू एकावर एक कितीही रचले तरी ती वाढत नव्हती. दोन जोड्यांमध्ये ओला थर घातला की मात्र प्रत्येक जोडीची वीज आधीच्या जोडीत मिळत गेली. चांदीची चकती, जस्ताची चकती, मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चांदी, पुन्हा जस्त, पुन्हा पुठ्ठा. वीस जोड्यांवर रचना गेली की दोन टोकांना ओली बोटे लावल्यावर झटका बसू लागला. त्याने विजेचा झटका देणाऱ्या चपट्या माशाच्या अवयवाशी तिची तुलना केली. त्या माशाच्या शरीरातही चकत्यांच्या अशाच चळती असतात. प्राण्यात वीज नसते हे सिद्ध करायला निघालेल्या माणसाने आपल्या शोधाचे नाव प्राण्याच्या अवयवावरून ठेवले.

त्याने दुसरी रचनाही केली. पेल्यांची रांग मांडून प्रत्येकात मिठाचे पाणी घातले आणि एका पेल्यातल्या जस्तापासून पुढच्या पेल्यातल्या चांदीपर्यंत धातूच्या पट्ट्या जोडल्या. आजच्या गाडीच्या बॅटरीचे झाकण उघडले तर थोडेफार हेच दिसते. सहा कप्पे, प्रत्येकाचे दोन व्होल्टहून किंचित जास्त, मिळून बारा. धातूच्या जागी शिसे आले आणि मिठाच्या पाण्याऐवजी गंधकाम्ल, एवढा फरक.

२० मार्च १८०० रोजी त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंचमध्ये पत्र लिहिले. युद्धामुळे टपालाचा भरवसा नव्हता, म्हणून ते दोन भागांत गेले. पहिला भाग बँक्सनी अँथनी कार्लाइल नावाच्या शल्यचिकित्सकाला दाखवला. त्याने आणि त्याचा मित्र विल्यम निकोल्सन याने चळत बनवली आणि मे महिन्याच्या आरंभी तिच्या तारा पाण्यात बुडवून पाण्याचे दोन वायूंत विघटन करून दाखवले. पूर्ण पत्र सोसायटीत वाचले जाण्याआधीच हे घडले होते.

त्याच पत्रात व्होल्टाने स्वतःवर केलेला एक धोक्याचा प्रयोग आहे. दोन्ही कानांत धातूच्या सळ्या घालून त्याने त्या चळतीला जोडल्या. डोक्यात झटका बसला आणि मग काहीतरी चिकट द्रव उकळत असावा तसा आवाज ऐकू येत राहिला. मेंदूला इजा होईल या भीतीने त्याने पुन्हा फारसे धाडस केले नाही, आणि कोणी करूही नये. पण बाहेरून दिलेल्या विजेने ऐकू आल्यासारखे वाटते ही नोंद तिथे झाली. आज जन्मतः न ऐकू येणाऱ्या बाळांना बसवले जाणारे कॉक्लिअर इम्प्लांट श्रवणतंतूला वीजच देते.

विद्यापीठ पुन्हा उघडले. १८०१ च्या नोव्हेंबरात व्होल्टाने पॅरिसला जाऊन आपली चळत दाखवली, तेव्हा नेपोलियन स्वतः सभेला बसला होता. सुवर्णपदक मिळाले, निवृत्तिवेतन मिळाले, पुढे सिनेटरपद आणि सरदारकीही मिळाली. बाजीराव दुसऱ्याने इंग्रजांशी वसईचा तह केला तो पुढच्या वर्षी, ३१ डिसेंबर १८०२ ला. इंग्रज आणि फ्रेंच यांच्या चढाओढीच्या त्या जगात लंडन आणि पॅरिस दोघांनाही हवा असलेला एक माणूस होता, तो व्होल्टा.

आणि इथेच त्याची घोडचूक आहे. वीज धातूंच्या नुसत्या स्पर्शातून निघते, असे त्याने ठरवून टाकले होते. ओलावा त्याच्या मते फक्त वाहून नेण्यापुरता. स्पर्श तर कायम असतो, मग त्यातून येणारी वीजही न संपणारी असली पाहिजे. प्रत्यक्षात चळत काही तासांतच मंदावत असे. जस्तावर थर चढे, पुठ्ठे वाळत, शिवाय वरच्या चकत्यांच्या भाराने पुठ्ठ्यातले खारे पाणी पिळून निघे आणि चळतीच्या कडेने ओघळे. त्या ओघळातून वीज टोकाकडून टोकाकडे परस्पर गळून जाई. व्होल्टाला हे सगळे दिसत होते. या रचनेतल्या किरकोळ अडचणी आहेत, असे तो समजला. जस्त झिजते म्हणूनच वीज मिळते, जस्त हेच इंधन आहे, हे हम्फ्री डेव्हीसारख्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच सुमारास सुचवायला सुरुवात केली होती. पुढे १८३० च्या दशकात मायकेल फॅरडेच्या मोजमापांनी ते पक्के झाले. व्होल्टाने त्यात लक्ष घातले नाही. १८०० नंतर त्याने नवे म्हणावे असे काम जवळपास केलेच नाही.

कडेने ओघळणारे ते खारे पाणी वसईकरांना परके वाटू नये. खाडीकाठची मिठागरे, समुद्राचा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे बॅटरीच्या झाकणावर धूळ, आम्लाची वाफ आणि क्षाराचा ओलसर थर बसतो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे नुसते झाकणाच्या प्लास्टिकला टेकवले तरी कधी कधी काही व्होल्ट दिसतात. दोन टर्मिनलांच्या मधून वीज त्या थरावरून गळत असते आणि एकही फ्यूज काढून ती सापडत नाही. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याच्या फडक्याने झाकण पुसून कोरडे करणे हा त्यावरचा उपाय. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. २०१८ च्या जुलैत जसे पाणी भरले तसे पाणी जिथे शिरले असेल, तिथे जोडण्यांच्या खोबणीत हिरवा गंज धरतो. दोन धातू आणि मध्ये खारा ओलावा, म्हणजे नको तिथे तयार झालेली व्होल्टाची जोडी.

हे काम करताना डोळे सांभाळावेत. उतरलेल्या बॅटरीला केबल लावताना ठिणगी उडते आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. दोन्ही एकत्र आले तर झाकण फुटून आम्ल तोंडावर येते. डोळ्यात आम्ल गेले तर औषध शोधत बसू नये. नळाच्या साध्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवत राहावे आणि मग तडक रुग्णालय गाठावे. बॅटरी सोडवताना ऋण केबल आधी काढावी, लावताना ती शेवटी लावावी. विजेवर किंवा हायब्रिडवर चालणाऱ्या गाडीतल्या केशरी केबलना मात्र कोणीही घरी हात लावू नये.

शिशाची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लांतेने १८५९ मध्ये केली. तरी मोटारी बराच काळ हँडल फिरवूनच चालू होत. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मनगटावर आदळे आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडे. अस्थिव्यंगाच्या पुस्तकांत त्याला अजून शोफरचे फ्रॅक्चर म्हणतात. चार्ल्स केटरिंगने बनवलेला सेल्फ स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि हे फ्रॅक्चर कमी होत गेले. बॅटरी उतरण्याची काळजी मात्र तेव्हापासून गाडीवाल्यांच्या मागे लागली.

राहता राहिला गॅल्व्हानी. एकोणिसाव्या शतकात स्नायू आणि मज्जातंतू यांतली वीज मोजली गेली आणि त्याचे म्हणणे मुळात बरोबर ठरले. शतक संपताच नेदरलँड्सच्या विलेम आइन्थोव्हेनने संवेदनशील गॅल्व्हानोमीटर बनवून हृदयाची वीज कागदावर उतरवली. आज कुठल्याही सरकारी रुग्णालयात निघणाऱ्या ईसीजीच्या कागदावर उभ्या दहा लहान चौकोनांचा अर्थ एक मिलिव्होल्ट असा असतो. यंत्राची वंशावळ गॅल्व्हानीच्या नावाची, मोजमाप व्होल्टाच्या नावाचे. दोघे हयातीत एका मताचे झाले नाहीत, पण छातीत दुखणाऱ्या माणसाच्या उशाशी दोघांची गरज लागते. हृदयाला बाहेरून वीज पुरवणारा पेसमेकर १९५८ मध्ये स्टॉकहोमला पहिल्यांदा शरीराच्या आत बसवला गेला, तो काही तासांतच बंद पडला. आताचे अनेक वर्षे टिकतात, तरी दर तपासणीत डॉक्टर आधी पाहतात ते त्याच्या बॅटरीत किती जीव उरला आहे हेच.

व्होल्टाने १७९४ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, तेरेसा पेरेग्रिनीशी लग्न केले होते. तीन मुलगे झाले, त्यातला एक तरुणपणीच गेला. नेपोलियन पडल्यावर ऑस्ट्रियाच्या सम्राटानेही त्याला पाडुआत मानाचे पद दिले. १८१९ मध्ये ते सगळे सोडून तो कोमोला परतला आणि ५ मार्च १८२७ रोजी तिथेच वारला. १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेने विजेच्या दाबाच्या एककाला त्याचे नाव दिले. बॅटरीच्या शोधाला शंभर वर्षे झाली म्हणून १८९९ मध्ये कोमोत मोठे प्रदर्शन भरले आणि त्यात त्याची मूळ उपकरणे मांडली गेली. जुलैत प्रदर्शनाला आग लागली आणि त्यातली बहुतेक जळाली. कोमोच्या सरोवराकाठी त्याच्या नावाने जे संग्रहालय उभे आहे तिथे आगीतून वाचलेल्या थोड्या वस्तू आहेत. बाकीच्या जुनी वर्णने पाहून नव्याने घडवलेल्या आहेत.